दाजींची जेवल्यावरची गोळी

उभ्या नाशिक जिल्ह्यात माझ्या दाजींइतका डॉक्टरांचा शब्द पाळणारा रोगी झाला नाही, आणि त्यांच्या त्या शब्द पाळण्याचा मला आजही संताप येतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मूळचे चांदवडकडचे, घर नाशकात द्वारकेजवळ आणि काम लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारण्याचं. सकाळच्या एसटीने जायचं, ट्रॅक्टरच्या रांगेपुढे उभं राहून दिवसभर ओरडायचं आणि उरलेला आवाज संध्याकाळी घरी घेऊन यायचं, असा त्यांचा क्रम. ते घरात रागावले की शेजारचे लोक रेडिओ बंद करायचे, कारण ऐकण्यासारखं इकडेच जास्त असायचं.

राग काढायची त्यांची जागा मात्र एकच, जेवणाचं ताट. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर "असू द्या, असू द्या" म्हणणारा हा माणूस भाकरीची कड जरा चिरलेली दिसली की ताटावरून उठायचा. वांग्याच्या फोडी मोठ्या झाल्या, उठले. वाढताना पळीचा आवाज झाला, उठले. एकदा आक्कानं तोंडी लावायला बारका, लिलावात सगळ्यात स्वस्त जाणारा गोल्टी कांदा फोडून ठेवला. "दिवसभर मी कांदा पुकारतो, आन माझ्याच ताटात गोल्टी?" असं गरजून त्यांनी हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला वाटतं त्या घरात दाजींनी जितकी ताटं सोडली तितकी माझ्या उभ्या हयातीत मी वाढून घेतली नसतील.

आणीबाणी उठली त्या सुमारास त्यांना चक्कर आली. मी त्यांना आणि आक्काला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबायला सुरुवात केली, तसे दाजी त्यांच्यावरही खेकसले, "आवळता किती वो? जनावर हाय का मी?" डॉक्टर बिचारे पाऱ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "संध्याकाळी जेवल्यावरच घ्यायची. उपाशीपोटी अजिबात नाही."

झालं! दाजींनी ते वाक्य देवाच्या प्रसादासारखं कपाळाला लावलं. ताटावरून उठले की मी म्हणायचो, "दाजी, गोळी तरी घ्या." ते शांतपणे विचारायचे, "मी जेवलो का?"

"नाही."

"मग गोळी कशी घिऊ? शिकल्यासवरल्या माणसाचा शब्द मोडू का, पाव्हणे?"

म्हणजे राग आला म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून गोळी नाही, गोळी नाही म्हणून दाब वर, आणि दाब वर म्हणून दुसऱ्या दिवशी राग! कधी अर्धी भाकरी खाऊन उठले तर पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून गोळीचे दोन तुकडे करायचे आणि अर्धीच गिळायचे. "अर्धं जेवान, अर्धी गोळी. हिशेब चोख." पुढच्या खेपेला दाब उतरलेला नाही असं पाहून डॉक्टरांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. त्या भित्रेपणाचा मला अजून स्वतःवर राग येतो.

पण खरा भडका उडाला तो पुढेच. एका संध्याकाळी दाजी असेच उठून ओट्यावर गेले होते. मी त्यांच्या गोळ्या शोधायला फडताळ उघडलं, तर मागच्या बाजूला तशाच गोळ्यांची न फोडलेली तीन पाकिटं, त्यांवर आक्काचं नाव.

"हे काय गं?"

"मलाबी दिल्यात डॉक्टरांनी, मागं एकटी गेले होते तेव्हा. माझाबी दाब वाढलाय म्हणे."

"मग घेत का नाहीस?"

"जेवल्यावर घ्यायच्या ना त्या? हे जेवल्याशिवाय मी कशी जेवणार?" असं म्हणून तिनं दाजींचं ताट झाकलं, आणि त्यावर स्वतःचं पालथं घातलं.

मी तिरमिरीत बाहेर गेलो. ती पाकिटं दाजींच्या मांडीवर आपटली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या आवाजाच्या वरचढ ओरडलो, "तुम्ही खुशाल मरा हो! पण माझ्या बहिणीला का घेऊन चाललात?" समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. दाजींनी पाकिटावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून आत गेले, ताट उघडून बसले आणि थंडगार भाकरी शेवटच्या घासापर्यंत जेवले. आक्कानं बाजूला आपलं ताट वाढून घेतलं. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू बी घे गोळी."

त्यानंतर ते ताटावरून कधीच उठले नाहीत. काहीही वाढलं तरी मान खाली घालून भराभर जेवायचे, कारण त्यांचं झाल्याखेरीज आक्का बसत नसे. एकदा ती माझ्याकडे कुरकुरली, "आज भाजीत मीठ घालायचंच राहिलं रे. तरी एक शब्द बोलले नाय. घर कसं सुनं सुनं वाटतं." मला हसू आलं आणि तिचा रागही आला.

पाच-सहा वर्षांनी दाजी लासलगावहून येताना बसमध्ये बसल्याजागी गेले. आधीची एवढी वर्षं दाब चढाच होता, हृदय किती सोसणार, असं डॉक्टर म्हणाले.

आता आक्काला कुणासाठी थांबायचं नसतं. ती सातच्या ठोक्याला जेवते, लगेच गोळी घेते, आणि तिचा दाब अगदी बेताचा असतो. डॉक्टर तिचं कौतुक करतात. परवा मी गेलो तेव्हा ती एकटीच ताट घेऊन बसली होती. घरात आवाज नव्हता. मला त्या वेळेवरच्या जेवणाचा असा काही राग आला की पाणीसुद्धा न पिता मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.