तिसऱ्या मजल्यावरची पंगत

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, परळच्या एका इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी अकरा पुरुष भिंतीला पाठ लावून जेवायला बसले होते, आणि त्यांपैकी एकही तिथे नव्हता. त्या वेळी खोलीत आम्ही तिघं होतो: माझी आई, माझा थोरला भाऊ आणि मी. आईला ते दिसत होते. मला दिसत नव्हते, पण मी त्यांना वाढलं. दादाचं काय झालं, तेच सांगायचं आहे.

आई ब्याऐंशी वर्षांची. न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग जंतुसंसर्ग, मग सोडियम उतरलं, आणि आठ दिवसांचं इस्पितळ सव्वा महिन्यावर गेलं. अशा दुखण्यात म्हाताऱ्या माणसांना नसलेलं दिसतं, हळूहळू जातं, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सुरुवात किरकोळ होती. सलाइनच्या दांडीवर एक कोंबडा येऊन बसला. दोन दिवस होता. आमची काही तक्रार नव्हती, कारण तो आरवत नसे.

मग एका सकाळी आई समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "सगळे इले."

सगळे म्हणजे तिचे खानावळे. लालबागला आमच्या एका खोलीत आईने तीस वर्षं खानावळ चालवली. कोकणातून आलेले, गिरणीत काम करणारे, बायकामुलं गावाला ठेवलेले अकरा जण दोन वेळा जेवायला येत. त्या खोलीत एकच कायदा होता: शेवटचा माणूस पोटभर जेवून उठल्याशिवाय आई घास घेत नसे. गिरण्या गेल्या, खानावळ गेली, माणसंही बहुतेक गेली. कायदा तेवढा शिल्लक राहिला होता, हे आम्हाला इस्पितळात कळलं. खिचडीची वाटी आली की आई ती बाजूला सारायची.

"तेंका वाढल्याशिवाय मी कशी जेवू?"

दादा बँकेच्या तपासणी खात्यातून निवृत्त झालेला. जन्मात खोटं बोलला नाही, आणि त्यापायी आम्ही घरच्यांनी फार सोसलं. तो खुर्ची ओढून समजावायला बसला. "आई, तिथे कोणी नाहीये. भिंत आहे."

"तुझो चष्मो बदल."

"चष्मा नवा आहे."

"मग दुकान बदल."

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी डॉक्टरांनी दादाला आणि मला बाहेर बोलावलं. दुपारपर्यंत आजींच्या पोटात काही गेलं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि सलाइनच्या सुया त्यांनी दोनदा उपसून काढल्यात, तेव्हा नळी घातली की हातही खाटेला बांधावे लागतील.

मी आत बघितलं. आई पडल्या पडल्या पांघरुणावर भाकरी थापत होती. हे हात बांधायचे?

मी तडक खाली उतरले आणि कागदी ताटल्या घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "बड्डे आहे काय ताई?" म्हटलं, "नाही, पंगत आहे. माणसं आधीच बसलीत."

खोली दोन खाटांची होती आणि दुसरी खाट त्या आठवड्यात रिकामी होती. सिस्टरला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, "मी काही बघितलं नाही. पण एक वाजायच्या आत आवरा." दादाला दाराशी पहाऱ्याला उभं केलं. तो म्हणाला, "हे वेडेपणाला खतपाणी आहे." म्हटलं, "खतपाणी राहू दे, तू पाण्याचे पेले मांड."

भिंतीलगत अकरा ताटल्या मांडल्या, पदर खोचला आणि लहानपणी वाढायचे तशी वाकून वाढू लागले. हातात इस्पितळाचा चमचा आणि रिकामा स्टीलचा डबा. भात वाढला, आमटी वाढली, आग्रह केला, "घ्या हो, लाजता काय" म्हटलं. खरं सांगते, मला मजा येऊ लागली होती.

खाटेवरून आवाज आला, "आमटी ढवळून वाढ गो. वरचा पाणी वाढतंस काय?"

मी रिकामा डबा तळापासून ढवळला. मग मोठ्या दिमाखात बांगडे वाढायला घेतले. एक, दोन, तीन, चार.

"अगो, काय केलंस?" आई कोपरावर उठायला बघत होती. चेहरा पांढरा पडलेला. "तो माळकरी आसा. तेका बांगडो वाढलंस?"

खरंच की. चौथा माणूस माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ, मासे वर्ज्य. तीस वर्षं तो त्याच जागी बसला आणि मी त्याच्याच ताटात मासा टाकला होता.

"आता तो उठतलो," आई म्हणाली. "तो उठलो की सगळे उठतले." आणि तिने पंगतीवरून तोंड दुसरीकडे फिरवलं. म्हणजे पंगत उपाशी, आई उपाशी, मग नळी.

मी घाईघाईने चमच्याने नसलेला बांगडा उचलायला गेले, तर दाराशी उभा असलेला दादा कडाडला, "उचलतेस काय? ताट बाटलं ते. नवीन ताट घे. आणि हात धू आधी. त्याची आमटी वेगळ्या टोपातली असायची, विसरलीस?"

मी हात धुऊन आले. तोवर दादाने बारावी ताटली काढली होती. चमचा बदलला होता. आणि चौथ्या जागेपाशी जाताना तो पंगत ओलांडून गेला नाही, लांबून वळसा घालून गेला. वाकून म्हणाला, "माफ करा काका. तिचं लक्ष नसतं. लहानपणापासून."

आईने मान वळवून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बसलो," ती म्हणाली.

मग सोलकढी झाली, पुन्हा भात झाला. ते निवांत जेवले, आम्ही दोघं उभं राहून वाट बघत होतो. अखेर आई म्हणाली, "उठले. आता माझी वाटी हाड." मी खिचडी आणली. मीठ कमी आहे, असली खिचडी खानावळ्यांना वाढली असती तर त्यांनी खानावळ बदलली असती, असं म्हणत तिने वाटी पुसून खाल्ली आणि झोपली.

त्याच क्षणी डॉक्टर आले. मागे सिस्टर, तिच्या हातात ट्रे, ट्रेमध्ये नळी आणि हात बांधायची पट्टी. डॉक्टरांनी रिकामी वाटी बघितली, झोपलेली आई बघितली, आणि दादाकडे वळले. नळी टाळायला नातेवाईक स्वतःच वाटी संपवतात, हे त्यांना ठाऊक असणार.

"काका, खरं सांगा. खिचडी आजींनी खाल्ली की तुम्ही?"

जन्मात खोटं न बोललेला माणूस संतापाने लाल झाला आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "माझ्यावर विश्वास नसेल तर या अकरा जणांना विचारा."