चकातला शाफ्ट

मंगळवारी दादा लेथ मशीनसमोर कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

जिनिंग कारखान्याचा दुरुस्तीला आलेला शाफ्ट लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, तसाच राहिला. चकाचे चार जबडे एकेक करून आवळत, डायलचा काटा हलायचा थांबेपर्यंत, दादाने तो नेमका मधोमध बसवला होता. एकदा चकातून काढलेला जॉब पुन्हा अगदी तसाच बसत नाही. "तुह्या पुस्तकात खूण ठेवता येते, इथं नाही," असं तो मला चिडवायचा.

तेरवीनंतर लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये जिनिंगवाले शाफ्ट मागायला आले. शेजारच्या शेडमधल्या काकांनी दादाच्या बसवणीला धक्का न लावता काम पुरं केलं. मग चकाची चावी हातात घेऊन ते थांबले.

"सोडू का, पोरी?"

"राहू द्या ना, काका."

"त्याईची जिनिंग बंद पडून राह्यली. अन् तुहा दादा असता, तर मलेच बोलला असता, काम झालं, आता कायले धरून बसला म्हणून."

ते खरं होतं. मी मान डोलावली. चारही जबडे सैल झाले.

दादाच्या हातांनी बसवलेलं आता काही उरलेलं नाही. शेडला कुलूप आहे. चक रिकामा आहे.