एका बाजूनं निळी

माजलगावच्या धरणकाठी होड्या दुरुस्त करणारा आमचा एक गडी आहे. पालथ्या होडीवरून तो असा हात फिरवतो की पोळ्याच्या बैलालाही हेवा वाटावा.

माझी होडी इतकी गळायची, की मासे आत येऊन फेरफटका मारून परत जायचे. वैतागून मी ती तेलगावच्या गुऱ्हाळवाल्याला सरपण म्हणून विकायची ठरवली. त्यावर हा गडी नुसता हसला.

सकाळी बघतो तर काय! होडीची एक बाजू खरवडून, फटी बुजवून निळीभोर रंगवलेली. तिच्यापुढं सगळं धरण कळकट दिसत होतं.

गुऱ्हाळवाला ट्रॅक्टर घेऊन आला, होडीभोवती दोनदा फिरला आणि माझ्यावरच उखडला. "कावून बोलावलं बे मला? ही काय जाळायची चीज हाय?" आणि रिकामाच परत गेला.

"दुसरी बाजू कावून सोडली?" मी गड्याला दरडावलं.

त्यानं खरवडायचा पत्रा माझ्या हातात दिला. "ती तुमी करा. सगळी म्याच केली तर होडी माझीच हुईल की!"

माझे डोळे असे भरून आले, की धरणाचे दरवाजे उघडावे लागले असते. तो घाईनं म्हणाला, "मालक, रडायचं तर लांब जाऊन रडा. रंग ओला हाय."