खालूनच हाक मारणारे जावईबापू

"भाऊजी, आपल्या जिन्याच्या बोल्टांना गंज चढलाय. आटे नागडे आहेत हो, जस्त कुठाय त्यांच्यावर?"

"यंत्र पास म्हणालं. तू कोण लागून गेलास?"

भांडी विसळता विसळता सासूबाईंनी मुलाचं नि जावयाचं हे भांडण ऐकलं आणि जावयाची किंमत त्यांना कायमची कळली.

जावईबापू बोल्टांच्या कारखान्यात तपासनीस. लोखंड गंजू नये म्हणून चढवलेला जस्ताचा थर पुरेसा आहे का, ते बघायचं काम. नापास हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलाच नव्हता, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना पासराव म्हणत. एकदा थरामुळे नट अडकायला लागले. अशा वेळी नट आतून मोठा करायचा असतो. कामचुकारांनी बोल्टाचेच आटे पुन्हा कापले, जस्त खरवडून निघालं. थर मोजायचं यंत्र टेकतं बोल्टाच्या सपाट डोक्यावर, आणि डोकं झकास! पासरावांनी डोकी मोजली, शिक्का मारला. वर त्यातलेच बोल्ट सासूच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याला फुकट आणून दिले, नि मिरवलेही.

मुलगा फिटर. त्यानं गुपचूप सगळे बोल्ट बदलले.

"भाऊजींना सांगू?"

"खबरदार! 'आई, त्या जिन्यावरून जाऊ नका,' एवढं त्यांनी म्हणायचंय. जीभ झिजणार आहे का?"

जीभ जपली त्यांनी. जिन्यावर पाय ठेवणं मात्र बंद केलं. खालूनच हाक, "आई, पिशवी सोडा!"

"वर या की, चहा टाकते."

"गुडघा दुखतोय." कधी गुडघा, कधी चिखलाचे बूट.

बोल्ट नवे आहेत, हे जवळ जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. पण बघणं हा त्यांचा धंदा असला तरी स्वभाव नव्हता. सासूबाईही कमी नव्हत्या. ते खाली असले की मुद्दाम धपधप पाय आपटत उतरायच्या. माणसाला घाम फुटायचा, तोंड फुटायचं नाही.

अशी वर्षं गेली. पासराव झोपेतच गेले, त्याच्या आदल्या दिवशीही सासूची औषधं घेऊन आले होते. सासूबाईंनी दोरीला बांधून पिशवी सोडली.

"जावईबापू, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. उतरते खाली. पडले तर झेलाल ना?"

पासरावांनी जिन्याकडे बघितलं. वर सासूबाई कठड्याला धरून थांबल्या. आता तरी म्हणतील, 'उतरू नका.'

"मला जरा घाई आहे, आई."

त्यांनी औषधं पिशवीत टाकली, दोरीला नेहमीसारखा झटका दिला.

"ओढा!"