संपवणारं पान

हा पत्त्यांचा खेळ आमच्याकडे शिरोड्याहून आला. तिथे माझ्या मेव्हण्याच्या माडांच्या बागेत पर्यटकांसाठी खोल्या आहेत. एक जोडपं जाताना पत्त्यांनी भरलेला खोका विसरलं, आणि फोन केल्यावर म्हणालं, राहू दे तुम्हालाच. राजा-राणीचे पत्ते नव्हेत हे. प्रत्येक पानावर वेगळं चित्र, आणि त्याखाली त्या पानाने काय घडतं ते बारीक अक्षरात. माझी बायको आणि हा तिचा धाकटा भाऊ, दोघंही चांगली मोठी माणसं, एका मे महिन्यात माडांच्या सावलीत बसून तो खेळ शिकली. नियमांची पुस्तिका मात्र माझ्या हातात दिली. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. त्या घरात वाचायचं काही आलं की ते माझ्याकडे यायचं.

खेळ सांगायला सोपा आहे. दोघांनी आपल्या आवडीची साठ-साठ पानं निवडून आपापला डेक बांधायचा. दोघांना सारखेच प्राण मिळतात. पान ओढायचं, पान खेळायचं, समोरच्याचे प्राण शून्यावर आणायचे. ज्याची गड्डी आधी संपते तोही हरतो. नियम एवढेच, पण कोणती साठ पानं निवडली यात माणूस पुरता दिसतो.

बायकोने पहिल्याच आठवड्यात वेगाचा डेक बांधला. लहान, स्वस्त, धावून जाणारी पानं; ती त्यांना ‘पोरं’ म्हणायची. माझा झाला कंट्रोल डेक, म्हणजे अडवणारा. समोरच्याने पान टाकलं की ते रद्द करायचं, फार गर्दी झाली की सगळा पट एकदम साफ करायचा, मधल्या वेळात स्वतः पानं ओढत राहायचं, आणि समोरचा दमला की एखादं मोठं, खेळ संपवणारं पान काढायचं. अर्धा खेळ होईपर्यंत आपण जिंकत नसतो, फक्त हरत नसतो. मला ते मानवलं.

“घाटी माणूस,” ती म्हणायची. मी मूळचा कोल्हापूरकडचा, त्यामुळे माझ्या सगळ्या अवगुणांना तिच्याकडे हे एकच कारण होतं. “अहो, तुमची पाळी संपेसर मी म्हातारी होतलंय.”

डेक बांधायला एक संध्याकाळ पुरते, जुळवणं मात्र कधी संपत नाही. एक पान आत घ्यायचं तर एक बाहेर काढावं लागतं. अडवणारी पानं वाढवली की हातात नुसती उत्तरं साठतात आणि ओढायला काही उरत नाही. ओढायची वाढवली की तिची पोरं तोवर दारात पोचलेली असत. त्यात आमच्याकडची हवा. पावसाळ्यात चकचकीत पानं दमटपणाने वळत, भाजायला घेतलेल्या पापडासारखी. वळलेलं पान पाठीवरूनही ओळखू येतं, म्हणजे ती लबाडीच. म्हणून तिने चकचकीत पानं बाद केली आणि उरलेली डब्यात, तांदळाच्या पुरचुंडीशेजारी ठेवली. डबा उघडला की जुन्या तांदळाचा वास येई. तो वास म्हणजे मला अजून रविवारची दुपार वाटते.

मागच्या वर्षी ती गेली. आजार लांबला नाही.

आमचं घर धामापूरला आहे, तलावाकडे चालत जाता येईल इतकं जवळ. कॉलेजातून आलो की मी पडवीतल्या बाकावर दोन्ही डेक मांडायला लागलो. तिची पानं डाव्या हातात, माझी उजव्या. तिची पाळी आली की तिच्यासारखा विचार करायचा, म्हणजे फारसा करायचा नाही, हातात असेल ते टाकायचं. मग माझी पाळी, आणि मी थांबायचो. पोफळींमधून उन्हाचे कवडसे बाकावर सरकत. कधीकधी डावा हात पान टाकायचा आणि मला खरोखरच आधी माहीत नसायचं की तो कोणतं टाकणार आहे. पाखरं तलावाकडे उतरायची, प्रकाश हिरवट व्हायचा, पानांवरची चित्रं विरत जायची, आणि मी कुठल्या बाजूला बसलो आहे हेही मग तितकंसं महत्त्वाचं वाटत नसे.

अडचण एकच होती. डाव संपायचा.

मी डेक जुळवायला घेतला. आधी संपवणारं एक पान काढलं आणि त्या जागी साफ करणारं घातलं. डेक जास्त भक्कम होतो, असं स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. मग दुसरं काढलं. हळूहळू माझ्या डेकमध्ये जिंकू शकेल असं काही उरलं नाही. ती मला मारू शकत नव्हती, मी तिला मारू शकत नव्हतो. तरी गड्डी संपायचीच. जास्तीची पानं ओढणं मी सोडलं होतं आणि पहिली पाळी नेहमी तिची, म्हणून तिचीच आधी संपायची. तेव्हा मला जुन्या खोक्यात एक पान सापडलं. कोणाही एका खेळाडूची वापरलेली पानं पुन्हा पिसून त्याच्या गड्डीत भरायची, असं त्यावर लिहिलं होतं. तशी मिळतील तितकी मी घातली. कंट्रोल डेक म्हणून असा डेक मी कधी बांधला नव्हता. त्यात एकही सैल जागा नव्हती.

वर्षश्राद्ध झालं. तिच्या माहेरची रीत अशी की त्यानंतर जावयाला घरी बोलावतात, गोडाचं जेवू घालतात, आणि मग दुखवटा सुटला म्हणायचं. तोवर तो कुणाच्या लग्नाबारशाला जेवत नाही. मी दोनदा बोलावणं टाळलं होतं. तिसऱ्यांदा मेव्हणा गाडी घेऊन सकाळीच दारात आला.

“भावजी, चला. आवस वाट बघता.” आवस म्हणजे त्याची आई, माझ्या सासूबाई.

“हा डाव झाला की निघू.”

तो पडवीत आला. बाकावर मांडलेला पट त्याने बघितला, रिकामी बाजू बघितली. “कोणावांगडा खेळतास?”

मी डाव्या हातातल्या पानांकडे बघितलं. त्याने चपला काढल्या. “सरका. ताईचो हात माका द्या. दोघा खेळलो तर लवकर सुटात.”

तो तिच्यासारखाच खेळतो, धसमुसळा. पान टाकायचा आणि भुवया उंचावून विचारायचा, “अडवतास?” मी अडवायचो. “हेका?” त्यालाही अडवायचो. त्याने चार पोरं उभी केली, मी पट साफ केला. “मेलंय!” तो म्हणाला आणि मजेत मांडीवर थाप मारली. मग त्याच्या बायकोचा फोन आला. “येतंव गो,” तो म्हणाला, “भावजींका हरवन घेवन येतंय.” चहा झाला. ऊन पडवीतून खाली उतरलं. पुन्हा फोन आला, तो त्याने घेतला नाही.

त्याची गड्डी पातळ झाली तेव्हा मी ते पान टाकलं आणि त्याची वापरलेली पानं पुन्हा त्याच्या गड्डीत भरायला सांगितलं.

“माझी?”

“हो.”

“माझीच पानां परत कित्याक भरतास? संपली तर तुमीच जिंकतालास.”

त्याने पानं पिसली, पण मधेच थांबला. मग हात पुढे केला. “तुमचो डेक बघू.” खेळ चालू असताना असं कुणी करत नाही, पण मी दिला. त्याने पानं एकेक करून उलटी केली. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला.

“भावजी, ह्यात मारूचा पान खंय आसा?”

“नाही.”

“एकय?”

“एकही नाही.”

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. गड्डी सारखी करून त्याने माझ्यासमोर ठेवली, आणि घरच्या माडांकडे बघावं तसा पोफळींकडे बघत म्हणाला, “माझीय बहीणच ना ती.” नंतर हळूच, “आवस सकाळपासून जेवूक नाय. तुमी येतालास म्हणून.”

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या बाकावर वेळ थांबवून ठेवताना तो दुसऱ्या एका घरातही थांबला असेल, कुणी ताटावर बसायचं राहिलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

त्याची पाळी होती. त्याने तिचं एक अगदी साधं पान टाकलं, धावून जाणारं, तिच्या डेकमधलं सगळ्यात लहान. त्याला कुरवाळल्यासारखं बोट लावलं आणि ते माझ्याकडे सरकवलं. माझा एकच प्राण उरला होता, इतक्या काळात बाकीचे थोडे थोडे झिजलेच होते. माझ्या हातात उत्तरं होती. कोणतंही एक पुरलं असतं.

या वेळी त्याने काही विचारलं नाही. वाट बघत राहिला. तलावाच्या बाजूने थोडा वारा आला आणि बाकावरचं एक पान जरा हललं. ते त्याने करंगळीने दाबून धरलं.

मी हातातली पानं पालथी खाली ठेवली.

“पोचलं,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. मग आम्ही दोघांनी मिळून पानं गोळा केली, तिची वेगळी, माझी वेगळी. त्याला काही घाई दिसली नाही. “हात धुवा,” एवढंच म्हणाला.

शिरोड्याला पोचलो तेव्हा दुपार केव्हाच कलली होती. गाडीत वेंगुर्ल्याच्या पुढे मला डुलकी लागली असावी, कारण माड सुरू झाले ते कळलं नाही, एकदम माडच होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. पाट मांडलेला होता. पानाच्या डाव्या बाजूला खीर.

“इतको उशीर?” त्यांनी मुलाला विचारलं.

“डाव लांबलो.”

“कोण जिंकला?”

“ताई.”

त्यांनी वाढायचा डाव भातात घातला, रिकामाच काढला, पुन्हा घातला. मग माझ्या पानावर भात वाढला, वर वरण घातलं, तूप घातलं, आणि समोर बसून राहिल्या. “जेवा,” म्हणाल्या. मी पहिला घास घेतल्यावर त्यांनी स्वतःचं ताट ओढलं.