अंधारखोलीतले बिराजदार सर

कुठल्याही खोलीत शिरल्यावर बिराजदार सर आधी दार उघडं राहील याची सोय करायचे आणि मगच माणसांकडे बघायचे. लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवत, मी केमिस्ट्री. स्टाफरूमच्या दाराला त्यांनी कुठूनशी आणलेली वीट लावलेली असे आणि कपाटावर स्टीलचे पेले एकावर एक उलटे रचलेले असत. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघरी अशी भांडी रचून ठेवत. जमीन हलली की ती पडावीत आणि जाग यावी म्हणून. बाकीच्यांनी ती केव्हाच फडताळात ठेवून दिली. सरांनी नाही. एकदा शिपायाचा झाडू कपाटाला लागला, पेले खणखणले आणि सर हातातल्या खडूसकट थेट रस्त्यावर! आम्ही पोट धरून हसलो.

"हसा, हसा," ते खिडकीतून म्हणाले, "पण बाहेर येऊन हसा."

तेव्हा लातूरला क्लासेसचं पेव फुटलं होतं. रेणापूर, चाकूर, कुठून कुठून पोरं यायची आणि त्यांच्यासाठी मजल्यावर मजले चढायचे. सर फक्त तळमजल्यावरच्या बॅचेस घेत. मालक कुरकुरायचे, पण पोरांना सर हवे असत, त्यामुळे गप्प बसायचे.

या माणसाला वेड होतं उजेडाचं. नोकरी सांभाळून ते नांदेडला पीएच.डी. करत होते. विषय, टीव्हीचे पडदे अधिक उजळ कसे करावेत. मला ते चहाच्या टेबलावर बोटानं आकृती काढून समजावत.

"असं बघा काझीसाब. पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे खिडकी. मागं दिवा हाय. मधी लिक्विड क्रिस्टलचे कण. करंट दिला की ते कलतात अन् उजेड वाट काढतो. पण करंट देणारा पारदर्शक थर असतो ना, इलेक्ट्रोड, त्याच्या मधल्या दांड्यापाशी कणांना उमगतच न्हाई, कलावं कुठं. ऱ्हातात तसेच उभे. खिडकीत तेवढी रेघ काळी."

दिव्याची वीज न वाढवता ती काळी रेघ बारीक करायची, एवढाच त्यांचा ध्यास. त्यासाठी मधला दांडा निमुळता करायचा आणि त्याला फुटलेल्या तिरक्या पट्ट्यांचा कोन बदलून बघायचा. पुस्तकं या आकाराला माशाचा काटा म्हणतात. सर पक्के लिंगायत. ते त्याला कडुनिंबाची डहाळी म्हणत. "काटा तुमच्या ताटात ठेवा," असं मला वर ऐकवत.

त्यांच्या भीतीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. गणपती विसर्जनानंतरच्या त्या पहाटे, भूकंपात, गावाकडचं दगडमातीचं घर त्यांच्यावर बसलं. शेजारी आई होती. ढिगाऱ्याखाली दोघं एकमेकांना हाका मारत राहिले. "आईचा आवाज होता तवर मला अंधार दिसलाच न्हाई," सर म्हणाले. "थांबला, अन् मग दिसला." त्यानंतर पेल्यांवरून मी कधी हसलो नाही.

आणि पडद्याचा उजळपणा मोजायचा कुठे, तर अंधारखोलीत! नांदेडच्या प्रयोगशाळेतली ती खोली तळघरात होती. काळा रंग दिलेल्या भिंती, आणि दार घट्ट लावलेलं. फटीतून तिरीप आली तरी आकडा बिघडायचा. मार्गदर्शकांनी स्पष्ट सांगितलं होतं, मोजमाप स्वतः करा, दुसऱ्याचं चालणार नाही. सर आधी जाऊन उंबऱ्यावरूनच परतले होते. आता मुदत संपत आली होती. सगळी वर्षं त्या एका दारापाशी अडकली होती.

"काझीसाब, तुम्ही संगं चला. भाईर उभं राहून नुसतं बोलत राहा. मी आतून हाव म्हणंन."

गेलो. जिन्यातच त्यांचा शर्ट घामानं चिकटला होता. ते आत गेले. मी दार लावलं आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो: मालकाचा कंजूसपणा, पोरांच्या खोड्या, आमच्या घरची बिर्याणी. आतून होकाराचा कापरा "हाव" येत होता. मग बारीक झाला. मग आलाच नाही.

"सर?"

काही नाही.

"बिराजदार सर!"

आवाज थांबला म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. मी दार ढकललं. आत ते यंत्रावर वाकलेले. उजेड अंगावर येताच ताडकन वळले.

"उघडलं कशाला? आकडा येऊन राहिला होता की!"

"तुम्ही हाव म्हणेनात."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "न्हाई म्हणलो का?" त्यांनी विचारलं. "ध्यानातच न्हाई राहिलं." मग हलकेच म्हणाले, "लावा दार. अन् आता गप उभं राहा."

डहाळीनं उजेड वाढवला होता. फार नाही, पण नक्की वाढवला होता. सरांना पदवी मिळाली, आणि काही वर्षांनी काविळीनं ते गेले.

लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून मातीत समाधी देतात. खड्ड्याच्या काठावर उभं राहून मला तेच भेडसावत होतं: या माणसाला, आणि मातीखाली? सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, ते ओळखलं असावं.

"लगीन झाल्यापासून म्हणायचे, मला मातीत घालू नका, जाळा," त्या म्हणाल्या. "भावकीपुढं कसं करू म्हणून मला लई धाक होता. अन् तुमच्यासंगं नांदेडहून आले त्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, ठेव मला आपल्या रीतीनं. मी म्हणलं, भ्या न्हाई वाटायचं का? म्हणाले, आधी वाटतं. मग इसरतं."

माझी पाळी आली तशी मी मूठभर माती आत सोडली. एकदा मोठ्यानं हाक मारावी असं वाटलं. पण सरांनी गप्प उभं राहायला सांगितलं होतं.