कपाटातली मूळ प्रत

लातूरच्या एका कोचिंग क्लासात रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी मी माझी मूळ कागदपत्रं स्वतःच्या हातानं संचालकांच्या टेबलावर ठेवली. कुणी हिसकावली नाहीत. दहावी, बारावी, बीएस्सीच्या गुणपत्रिका, टीसी आणि सगळ्यात खाली भूकंपग्रस्ताचा दाखला. पद्धतच तशी होती. शिक्षक मधेच सोडून समोरच्या क्लासात जाऊ नये म्हणून ओरिजिनल ठेवून घ्यायचे, आणि आम्ही पेढ्याच्या पुड्यासारखे दोन्ही हातांनी द्यायचो. संचालकांनी फाईल खुर्चीमागच्या लोखंडी कपाटात टाकली, किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता तुम्ही आपल्या कुटुंबातल्या."

कॉलेजात मी विद्यार्थी संघटनेत होते. पत्रकं लिहायचे, एसटी स्टँडवर उभी राहून वाटायचे. हक्क हा शब्द माझ्या पत्रकात दर तिसऱ्या ओळीत असायचा. त्या मला साधी पोच मागायची बुद्धी सुचली नाही. याचा राग मला अजून त्या माणसाइतकाच स्वतःवरही येतो.

गुणपत्रिकांचं सोडा, त्या विद्यापीठातून पुन्हा निघाल्या असत्या. जीव अडकला होता दाखल्यात. आमचं गाव किल्लारीच्या शेजारचं. सरकारी नोकरीतल्या राखीव जागेसाठी हा दाखला घरातल्या एकालाच मिळतो, आणि वडिलांनी तो भावाला डावलून माझ्या नावानं काढला. भाऊ आठ दिवस जेवताना माझ्याकडे पाठ करून बसला, एवढंच. आमच्या घरातली जी माणसं ढिगाऱ्याखाली राहिली, त्यांच्या बदल्यात आलेला तो एक कागद होता. तो मी कुणाच्या कपाटात ठेवला होता?

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आई दाराशी तांब्या ठेवायची, त्यावर पालथी ताटली आणि ताटलीवर पेला. जमीन हलली की पेला पडेल आणि आपण बाहेर पळू, असा तिचा हिशोब. मी पाच वर्षांची होते. झोप येईपर्यंत पेल्याकडे बघत राहायचं, ही सवय तिथली.

क्लासात पेल्याची जागा स्पीकरनं घेतली. प्रत्येक वर्गात एक स्पीकर होता आणि माइक वरच्या मजल्यावर, संचालकांच्या टेबलावर. मी फळ्यावर समीकरण लिहीत असायचे आणि स्पीकरमध्ये आधी बारीक खरखर व्हायची. त्या खरखरीनं माझे पाय चपलेत आखडायचे. मग आवाज यायचा, "केमिस्ट्रीवाल्या मॅडम, वर या." सव्वाशे पोरं माझ्याकडे बघायची. पुढच्या बाकावरची खाली मान घालून हसायची. जिने चढताना मी मनात आठवायचे, काय चुकलं, कुठं चुकलं. वर गेल्यावर कधी पालकांसमोर उभं करायचे, "ह्यांच्यामुळं तुमच्या मुलीला मार्क कमी पडले, विचारा ह्यांनाच." कधी नुसतं उभं ठेवून फोनवर बोलत बसायचे आणि वीस मिनिटांनी हातानं 'जा' म्हणायचे. हे दुसरं जास्त वाईट. त्यात काय चुकलं ते कळतच नसे, म्हणून दुसऱ्या दिवसाची भीती आजच सुरू व्हायची.

त्या इमारतीत एकाच माणसाला खरखरीची भीती नव्हती. फिजिक्सचे सर. लातुरातल्या जुन्या मुसलमान घराण्यातले, वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. एकदा मी वरून रडवेली होऊन आले, तर त्यांनी डब्यातली खिचडी पुढं सरकवली.

"मॅडम, तुम्ही ओरिजिनल दिले?"

"तुम्ही नाही दिले?"

"मी रुजू झालो तेव्हा सांगितलं, लॅमिनेशनला टाकलेत. सहा वर्षं झाली, लॅमिनेशन चालूच हाय." चमचा पुसत म्हणाले, "मी तर निकाहनाम्याचीबी झेरॉक्सच बाहेर ठेवतो."

मला हसू आलं, मग वरचं कपाट आठवलं.

पुढच्या हंगामाआधी सर नांदेडच्या एका क्लासात गेले. अडवायला कपाटात त्यांचं काही नव्हतंच. त्यांच्यामागं पंचवीस-तीस पोरंही नांदेडला गेली. त्याच आठवड्यात मला क्लासच्या पत्त्यावर पत्र आलं. सरकारी कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा, भूकंपग्रस्तांच्या कोट्यातून. कागदपत्रांची पडताळणी नांदेडला, शुक्रवारी, मूळ प्रतींसह. पत्र हातात पडलं तेव्हा मंगळवार होता.

बुधवारी मी पहिल्यांदा न बोलावता वर गेले. घरी काम आहे, फाईल दोन दिवस हवी, असं घोकून गेले होते. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

"पडताळणी हाय नं तुझी?" पालकांसमोर मी मॅडम, एकटी असले की तू. "पोस्टमन आधी माझ्याकडं येतो, मग तुमच्याकडं."

टेबलावर त्यांचा पाण्याचा ग्लास होता. मी त्याच्याकडे बघत होते.

"अगं घाबरायलीस कशाला? देतो की. तू पत्रकं चांगली लिहितीस म्हणं. एक लिहून दे."

आणि त्यांनी मजकूर सांगितला. फिजिक्सच्या सरांबद्दल. मुलींशी त्यांचं वागणं बरं नव्हतं म्हणून त्यांना काढलं, असा. खाली 'एक त्रस्त पालक'. नांदेडला, सरांच्या नव्या क्लासच्या दारात वाटायचं. हे सांगताना ते आवाजही चढवत नव्हते, फीची तारीख सांगावी तसं सांगत होते.

"सर, हे खोटं आहे," असं मी म्हणाले नाही. मनात म्हणाले. तोंडानं म्हणाले, "उद्या देते."

भावाला फोन केला. तो म्हणाला, "लिव्ह की. तुझं काय जातंय? कागद घेऊन ये आधी." दाखल्यासाठी ज्यानं पाठ फिरवली होती, त्याला मी काय सांगणार होते?

गुरुवारी मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात बसून मी ते लिहिलं. स्पष्टच सांगते, लिहिलं. चांगलं लिहिलं. छोटी वाक्यं, ठसका, शेवटी प्रश्न. हात शिकलेला असतो, त्याला लाज नसते. वाचून पाहिलं तर मलाच खरं वाटलं, इतकं ते जमलं होतं.

मग खालची ओळ राहिली. संघटनेत आम्हाला पहिलाच नियम शिकवला होता. पत्रकाच्या खाली काढणाऱ्याचं नाव पाहिजे. निनावी असतं ते पत्रक नव्हे, भिंतीआडून मारलेला दगड. तेव्हापासून मी एकही निनावी कागद लिहिला नव्हता. पेन तिथं थांबलं ते थांबलंच. तेवढ्यात स्पीकर खरखरला. "मॅडम, वर या." मी घाईघाईनं शेवटची ओळ लिहिली आणि जिना चढले.

त्यांनी कागद वाचला. मान हलवत, खूष होत. खालच्या ओळीशी आले आणि थांबले.

"हे काय?"

"तुमचं नाव, सर. आणि क्लासचं."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"नाव नसलं तर प्रेसवाला घेत नाही, सर." माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. "मी लई पत्रकं छापून आणलीत."

"मग तुझं टाक."

"माझं टाकलं तर लोक मला विचारतील. मग मला सांगावं लागेल, कुणी लिहायला लावलं."

हे धाडस नव्हतं. मी आधाराला टेबलाची कड धरली, आणि टेबल हललं, ग्लासातलं पाणी हललं. ते ग्लासाकडे बघत होते. मी त्यांच्या बोटांकडे. स्वतःच्या नावावर त्यांचं बोट होतं, आणि ते पटकन मागं घेतलं गेलं, गरम तव्यावरून घ्यावं तसं. दोन वर्षांत पहिल्यांदा दिसलं की हा माणूसही भितो. मला त्यानं धीर आला नाही. भ्यालेला माणूस काय करील, याची वेगळी भीती वाटली.

ते उठले, कपाट उघडलं आणि फाईल टेबलावर आपटली.

"चल, नीघ. लातुरात परत खडू धरून दाखव."

मी तिथंच उभी राहून पाच कागद मोजले. दाखला होता. धावतच जिना उतरले. स्टँडवर आले तर नांदेडची बस लागलेली होती, तिच्यात बसले, फाईल पोटाशी धरली. अहमदपूर मागं पडल्यावर मग आठवलं.

तो कागद वरच राहिला होता. त्यांच्या टेबलावर. माझ्या अक्षरात.

शुक्रवारी पडताळणी झाली, शिक्का बसला. बाहेर फिजिक्सचे सर थांबले होते, मीच बोलावलं होतं. चहा अर्धा झाल्यावर मी सगळं सांगितलं, मजकुरासकट. त्यांनी कप खाली ठेवला.

"पोरीबाळींचं लिहिलं?"

"हो."

"मला दोन मुली हायत, मॅडम."

त्यांनी माझ्याही चहाचे पैसे दिले आणि निघून गेले. लॅमिनेशनचा विनोद नाही, काही नाही.

आता मी त्या नोकरीत आहे. सुट्टीच्या दिवशी लातूर-नांदेडच्या क्लासांबाहेर नव्या शिक्षकांना पत्रकं वाटते. मजकूर साधा आहे. मूळ कागदपत्रं देऊ नका, झेरॉक्स द्या, मागितलीच तर पोच घ्या. खाली माझं पूर्ण नाव. एखादी पोरगी कागद घेते, वाचते, घडी घालून पर्समध्ये ठेवते. मला बरं वाटतं.

पण कुठल्याही क्लासाच्या फाटकावर असले, आणि आत स्पीकर खरखरला, की हातातला गठ्ठा मी छातीशी धरते. त्या कपाटात आता माझा दाखला नाही. माझं अक्षर आहे. खालची एक ओळ कात्रीनं कापून झेरॉक्स काढली की ते पत्रक तयार आहे, आणि कात्री त्यांच्याकडे आहे. ते अजून निघालेलं नाही. नांदेडहून सरांचा फोन येत नाही. मी दर रविवारी सरांच्या क्लासवरून जाते, आणि आधी जमिनीकडे बघते, कागद पडलेत का.